'जॅब म्हणजे डावा हात' नव्हे: ठोशांचे इंग्रजी शब्द पोरांना मराठीतून कसे सांगायचे?

जॉबर_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एमआयडीसीत टॉवेलच्या मागांवर जॉबर, म्हणजे माग लावणारा-दुरुस्त करणारा, आहे. पोरगी आठवीत, मराठी माध्यम. दोन वर्षं झाली बॉक्सिंग शिकतेय. धागा काढायचं कारण तीच.

दिवाळीच्या सुट्टीत बाहेरगावी शिबिराला गेलो होतो. तिसऱ्या दिवशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, लागलं. समोरची मुलगी हिच्याच वजनाची, सरळहाती. दोरीबाहेरून तिथले कोच ओरडत होते, "जॅब! जॅब मार!" आणि आमचीनं डावा हात टाकला. आता पोरगी डावखुरी आहे. उभी राहते ती उजवा पाय, उजवा हात पुढं घेऊन. म्हणजे डावा हात तिचा मागचा. तो लांबून टाकायला गेली, सगळं अंग फिरलं, छाती उघडी पडली आणि समोरचीचा सरळ ठोसा थेट नाकावर. रक्त आलं. स्पारिंग थांबलं.

नाकाचं तिला काही वाटलं नाही. परतीच्या एसटीत मोहोळ मागं पडलं तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, जॅब म्हणजे डावा हातच ना?"

आमच्या वर्गातल्या फळ्यावर तसंच लिहिलंय: जॅब म्हणजे डावा सरळ, क्रॉस म्हणजे उजवा सरळ. बाकीची सगळी पोरं सरळहाती, त्यामुळं कुणाचं कधी अडलं नाही. हिला सर हाताला धरून बरोबर शिकवायचे, पण शब्द मात्र फळ्यावरचाच तिच्या डोक्यात बसला. सरांचा दोष काढत नाही, त्यांनी जीव लावून शिकवलंय. पण एका शब्दानं पोरीच्या नाकावर ठोसा बसला हे खरं.

तेव्हापासून मी वही घातलीय. आतापर्यंत कळलं ते असं. जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मग तो हात कुठलाही असो. क्रॉस म्हणजे मागच्या हाताचा सरळ. पुढच्याला लीड, मागच्याला रिअर. डावा पाय पुढं असेल तर ऑर्थोडॉक्स, उजवा पुढं असेल तर साउथपॉ. फिलिपिन्सचा बॉक्सर मॅनी पॅकियाओ साउथपॉ, त्याचा जॅब उजव्याचा आणि गाजलेला सरळ ठोसा डाव्याचा. हे तिला त्याचे व्हिडिओ दाखवून सांगितलं तेव्हा चेहरा उजळला.

पण पुढं हुक, अपरकट, ओव्हरहँड, चेक हुक, लाथांची नावं, सगळंच घोटाळ्याचं आहे. जाणकारांनी सांगावं. आणि हे मराठीत कसं बोलावं तेही.

निवृत्त_हवालदार

जॉबरसाहेब, वही घातलीत हे उत्तम केलंत. पलटणीच्या संघात सहा वर्षं खेळलो, त्यावरून सांगतो.

पहिलं म्हणजे क्रॉस हा शब्द. समोरच्याचा जॅब येत असतो, त्याच्या हातावरून आपला मागचा हात आडवा ओलांडून जातो, म्हणून क्रॉस. आज मागच्या हाताच्या कुठल्याही सरळ ठोशाला क्रॉस म्हणतात, पण आपल्याकडचे बरेच प्रशिक्षक नुसतं 'स्ट्रेट' म्हणतात. 'राइट स्ट्रेट' आणि ऑर्थोडॉक्सचा क्रॉस, ठोसा एकच. शिबिरात दोन्ही नावं कानावर पडतील, पोरीला दोन्ही सांगून ठेवा.

हुक. कोपर साधारण काटकोनात वाकलेलं, मूठ आणि कोपर एका उंचीवर, आणि ठोसा बाजूनं येतो. नवी पोरं हात लांब करून फिरवतात, तो हुक नव्हे. त्याला स्विंग म्हणतात आणि तो समोरच्याला वेशीपासून दिसतो. हुकची ताकद हातात नसतेच. पुढच्या पायाची टाच उचलून पाऊल वळलं, कंबर वळली, की हात आपोआप येतो. अंगठा वर ठेवायचा की तळवा जमिनीकडं, यावर दोन उस्ताद कधी एकमत होत नाहीत. जवळून अंगठा वर, लांबून तळवा खाली, एवढं मी पाळलं.

अपरकट खालून वर, हनुवटीखाली किंवा पोटात. त्यासाठी गुडघे आधी वाकले पाहिजेत. हात खाली सोडून आणलेला अपरकट म्हणजे समोरच्याला दिलेलं आमंत्रण. ओव्हरहँड मागच्या हातानं वरून कमानीत येतो, समोरच्याच्या खांद्यावरून उतरतो.

आता आकडे. बऱ्याच जिममध्ये नावं घेतच नाहीत. १ म्हणजे जॅब, २ क्रॉस, ३ पुढच्या हाताचा हुक, ४ मागच्याचा हुक, ५ पुढचा अपरकट, ६ मागचा अपरकट. जिमगणिक फरक असतो, म्हणून नव्या ठिकाणी गेल्या गेल्या विचारून घ्यायचं. तुमच्या पोरीसाठी यातली मोलाची गोष्ट ही की १ नेहमी पुढचाच हात. आकड्याला डावं-उजवं नसतं.

एक फसवा शब्द आधीच सांगून ठेवतो: 'लीड'. लीड हँड म्हणजे पुढचा हात. पण 'राइट हँड लीड' म्हणजे जॅब न टाकता थेट मागच्या उजव्यानं हल्ला सुरू करणं. इथं लीडचा अर्थ सुरुवात. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात मुहम्मद अलीनं जॉर्ज फोरमनविरुद्ध पहिल्याच फेरीत असे उजव्याचे लीड टाकले. तो धोका मोठा, कारण मागचा हात लांबून येतो. फोरमनला ते अपेक्षितच नव्हतं. आठव्या फेरीत अलीनं त्याला नॉकआउट केलं. दोरांना टेकून मार झेलण्याची त्या लढतीतली युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पण मला आजही पहिली फेरी जास्त शिकवते.

खडूफळा

मी मराठी शिकवते, बॉक्सिंगमधलं मला शून्य कळतं. पण धागा वाचून कालपासून एकच विचार डोक्यात घोळतोय.

आपल्याकडे मारण्याला शब्द कमी नाहीत. चापट, चपराक, थप्पड, धपाटा, रट्टा, टपली, गुद्दा, बुक्की, ठोसा, टोला, कोपरखळी, लाथ. पण बघा, हे शब्द काय सांगतात? चापटीत तळवा उघडा, गुद्द्यात मूठ बंद. टपली डोक्यात, धपाटा पाठीत. थोबाडीत, कानशिलात, पेकाटात, यात तर मार कुठं बसला तेच नाव होऊन बसलंय. म्हणजे हात कसा होता आणि कुठं लागला, हे मराठी सांगते. हात कुठल्या वाटेनं आला, हे सांगत नाही.

इंग्रजी नावं नेमकी वाटेची आहेत. हुक म्हणजे आकडा, आकड्यासारखा वाकून आलेला. अपरकट खालून वर कापत गेलेला. जॅब म्हणजे टोचणं, म्हणूनच करोनाच्या काळात इंग्लंडच्या बातम्यांत लशीलाही जॅब म्हणत होते. हेमेकर म्हणजे गवत कापताना लांब दांड्याचा विळा जसा फिरवतात तसा सगळं अंग झोकून फिरवलेला ठोसा.

त्यांच्यातही जागेवरून आलेली नावं आहेत, पण मी शोधली त्यात ती बहुतेक निषिद्ध ठोशांची निघाली. मानगुटीवरचा तो रॅबिट पंच, शिकारी सशाला तसा मारून ठार करत म्हणून. किडनी पंच पाठीमागून मूत्रपिंडावर. लो ब्लो पट्ट्याखाली, 'बिलो द बेल्ट' हा वाक्प्रचार तिथूनच भाषेत शिरला. तसंच 'थ्रो इन द टॉवेल'. आपला खेळाडू आता लढू शकत नाही असं वाटलं की त्याच्या बाजूचा माणूस रिंगमध्ये टॉवेल फेकतो, म्हणून हार मानणं. जॉबरभाऊ, तुमच्या मागावरचा टॉवेल कुठल्या भाषेत जाऊन बसलाय बघा.

पूर्वभाग_घरकुल

खडूफळाताई, 'गुद्दा' वाचून लिहिल्याशिवाय राहवेना. आमच्या घरी तेलुगू. आमच्यात मुठीनं मारण्याला 'गुद्दु'च म्हणतात. शेजारी कानडी घर आहे, त्यांच्यातही 'गुद्दु'. लाथेला मात्र तिन्हीकडं वेगळं: मराठीत लाथ, तेलुगूत तन्नु, कानडीत ओदे. माझा मुलगा ज्या वर्गाला जातो तिथं घरी उर्दू बोलणारीही पोरं आहेत. सर 'पंच' म्हणाले की सगळ्यांना कळतंच, पण लहान गटाला त्यांनी एकदा 'गुद्दा दे' म्हटलं तर सगळी पोरं एकदम हसली आणि एकदम मारली. सोलापुरात मराठी शब्द शोधताना नुसती मराठी धरून चालत नाही एवढंच सांगायचंय.

लाल_माती

पंढरपूरकडच्या तालमीतला माणूस आहे, ठोसे आमच्यात चालत नाहीत. पण नावांचं म्हणाल तर कुस्तीनं कुणाकडं उसनं मागितलं नाही. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकलंगी, धोबीपछाड. धोबीपछाड ऐकल्यावर पाठीवरून उचलून आपटलेला गडी डोळ्यासमोर येतो की नाही? ती वाटच आहे. म्हणजे मराठीला वाट सांगता येत नाही असं नाही. आखाड्यात सांगितली, रिंगणात सांगायची वेळ आली नव्हती.

मिक्स्ड मार्शल आर्ट्स बघणारी पोरं तालमीत येतात, 'डबल लेग टेकडाउन' म्हणतात. मी म्हणतो, अरे, हे दुहेरी पट काढणं झालं. 'हँड फाइटिंग' म्हणतात, ती आपली खडाखडी. मग ठोशांनाही नावं द्या की! पुढचा, मागचा, आकडा, उसळी. आकडा म्हणजे हुकच. उसळी म्हणजे खालून उसळून आलेला. चार वर्षांत पोरांच्या तोंडी बसतील.

निवृत्त_हवालदार

लाल_माती, तुमचा अभिमान समजतो, पण इथं मी विरोधात आहे. कुस्तीचा डाव शिकवणारा, लढणारा, बघणारा आणि पंच, सगळे मराठी होते. म्हणून नावं टिकली. बॉक्सिंगची पोरगी उद्या रोहतकला किंवा गुवाहाटीला जाणार. तिथं 'उसळी' कोण म्हणणार? रिंगमध्ये रेफ्रीचे शब्द तीनच: स्टॉप, बॉक्स, ब्रेक. ब्रेक ऐकलं की दोघींनी एक पाऊल मागं घेऊनच पुन्हा लढायचं. ते पाऊल घेतलं नाही तर ताकीद. शब्द कळला नाही तर गुण जातो, आणि नाक जातं हे जॉबरसाहेबांनी पाहिलंच.

नाव इंग्रजीच ठेवा. पण सूचना मराठी क्रियापदात द्या. टोच, ढकल, वळव, उचल, सरक, झुक. मी हेच केलं. 'हुक' एकदा शिकवला की पुढं सगळा वेळ 'टाच वळव, टाच वळव'.

लालपट्टा_तायक्वांदो

लाथांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी. लाथेत दोन गोष्टी सांगाव्या लागतात: पाय कुठून आला आणि पायाचा कुठला भाग लागला.

फ्रंट किक सरळ पुढं, बोटं मागं ओढून चवड्यानं. पुश किक तशीच दिसते, पण ती ढकलते, थाई बॉक्सिंगमध्ये तिला तीप म्हणतात. साइड किक अंग आडवं करून टाचेनं किंवा पावलाच्या कडेनं. राउंडहाउस बाजूनं फिरून येते. आमच्यात ती पायाच्या वरच्या भागानं मारतात, थाई बॉक्सिंगमध्ये नडगीनं, आणि तो फरक झेलणाऱ्याला विचारा. ॲक्स किक म्हणजे पाय उंच नेऊन कुऱ्हाडीसारखी टाच खाली. बॅक किक पाठ फिरवून मागं.

घोटाळा कुठं होतो ते सांगते. राउंडहाउसलाच काही वर्गांत टर्निंग किक म्हणतात. आणि हुक किक हुक पंचसारखी अजिबात नाही! तिच्यात पाय आधी लक्ष्याच्या बाजूला नेऊन मग टाचेनं उलट ओढत मारायचं असतं. बॉक्सिंगमधून आलेली मुलगी 'हुक' ऐकून उलट्या दिशेनं जाते, मी स्वतः पाहिलंय.

कोरियन नावांत आप म्हणजे पुढं, योप म्हणजे बाजूनं, दोल्यो म्हणजे फिरवून, आणि चागी म्हणजे लाथ. कराटेत माए, योको, मावाशी, आणि लाथेला गेरी. म्हणजे खडूफळाताई म्हणतात ती वाट जपानी-कोरियनमध्येही आहेच. मला ही नावं इंग्रजीपेक्षा सोपी गेली, कारण एकदा चार दिशा पाठ केल्या की निम्मं काम झालं.

रात्रपाळी

मिक्स्ड मार्शल आर्ट्समधलं एक जोडतो. 'स्ट्राइक' हा सगळ्यांवरचा शब्द: ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, सगळे स्ट्राइक. हॅमर फिस्ट म्हणजे मुठीच्या करंगळीकडच्या बाजूनं हातोड्यासारखा. बॅकफिस्ट मुठीच्या मागच्या बाजूनं. आणि कोपराचा '१२ ते ६', म्हणजे घड्याळातल्या बारावरून सरळ सहावर उतरणारा, तेव्हा नियमानं बंद होता. या एका मापामुळं डिसेंबर २००९ मध्ये जॉन जोन्स जिंकत आलेली लढत मॅट हॅमिलविरुद्ध बाद ठरून हरला. तो कोपर थोडा तिरका असता तर चाललं असतं! २०२४ मध्ये ती बंदी नियमांतून काढली. बाकी धाग्याची वाचनखूण साठवली.

फिजिओ_होटगीरोड

पालकांसाठी लिहिते, कारण वरच्या सगळ्या चर्चेत मार देणाऱ्याचे शब्द आले, खाणाऱ्याचे राहिले.

लिव्हर शॉट नीट समजून घ्या. यकृत उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खालच्या भागात असतं. ठोसा बसला की खेळाडू क्षणभर उभा असतो, काही झालंच नाही असं वाटतं. मग एकदम गुडघ्यावर येतो. शुद्ध असते, पण अंग ऐकत नाही. ऑर्थोडॉक्सचा डावा हुक तिथंच जातो, आणि तुमच्या साउथपॉ मुलीचा तर मागचा, ताकदीचा डावा हात बरोबर त्याच बाजूला येतो. सोलर प्लेक्सस म्हणजे छातीच्या हाडाच्या अगदी खाली. तिथं लागलं की श्वास अडकतो.

नॉकडाउन म्हणजे पडणं, नॉकआउट म्हणजे दहा मोजेपर्यंत न उठणं. टीकेओ (टेक्निकल नॉकआउट) म्हणजे उभा असला तरी रेफ्रीनं लढत थांबवणं. डोक्याला मार बसल्यावर नॉकआउट झाला नाही म्हणजे मेंदूला काही झालं नाही, असं नसतं. आणि इथं मराठी कामाला येते. मुलांना 'कन्कशन', म्हणजे मेंदूला बसलेला धक्का, असं विचारून काही कळत नाही. गरगरतंय का, काजवे चमकले का, झीट आल्यासारखं वाटतंय का, मळमळतंय का, उजेडाचा त्रास होतोय का, असं विचारा. खरं उत्तर मिळतं. यातलं एकही 'हो' आलं तर त्या दिवशीचा खेळ बंद आणि डॉक्टर. डॉक्टर सांगेपर्यंत पुन्हा स्पारिंग नाही. जॉबरदादा, त्या दिवशी नाकाबरोबर हेही विचारलं होतंत का?

जॉबर_अक्कलकोटरोड

ताई, नव्हतं विचारलं. नाकातलं रक्त थांबलं, मी म्हटलं झालं. आता वहीच्या पहिल्याच पानावर तुमचे पाच प्रश्न उतरवलेत. पोरगीच्या आईलाही पाठ करायला लावलेत.

सगळ्यांचं वाचून चार दिवस घरी करून बघितलं, ते सांगतो.

जॅबला तिला मागाचं सांगितलं. ती लहानपणी डबा घेऊन कारखान्यात यायची, आडवा धागा नेणारा धोटा तिनं पाहिलाय. धोटा या टोकाहून त्या टोकाला जातो आणि त्याच वाटेनं परत येतो, मध्ये कुठं रेंगाळत नाही, खाली पडत नाही. रेंगाळला की सूत तुटतं. म्हटलं, हात तसा गेला पाहिजे आणि तसाच गालापाशी परत आला पाहिजे. पहिल्या दिवशी तिचा हात परत येताना छातीपर्यंत खाली यायचा. मी नुसतं "धोटा" म्हणायचो. काल रात्री पन्नासातले चाळीस तरी गालापाशी आले.

हुकला हवालदारसाहेबांचं 'टाच वळव' चाललं. फरशीवर खडूनं पावलाची खूण काढली, टाच त्या खुणेबाहेर गेली पाहिजे असं ठरवलं. अपरकट अजून जमत नाही, हात खाली सोडते.

नावांचं म्हणाल तर लाल_माती, तुमचा 'आकडा' तिला फार आवडला. घरात तेच म्हणते. पण वहीत तिनं स्वतःच्या अक्षरात हुक लिहिलंय आणि शेजारी आकडा. मी काही बोललो नाही. डावा-उजवा मात्र आम्ही दोघांनी बंद केलाय. पुढचा आणि मागचा. सरांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं, फळा पुसला आणि 'पुढचा सरळ, मागचा सरळ' असं लिहिलं. वर्गात अजून एक डावखुरा पोरगा निघाला. तो सहा महिने डावा पाय पुढं घेऊन उभा राहत होता, कारण फळ्यावर जॅब डावा होता.

एक राहिलंच: चेक हुक. व्हिडिओ दहा वेळा पाहिला, कळत नाही. हुकच तर दिसतो.

निवृत्त_हवालदार

हुकच आहे. समोरचा धावून अंगावर येतो, तेव्हा पुढच्या हाताचा हुक मारता मारता पुढच्या पायावर फिरून त्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. ठोसा पाव भाग, पाय पाऊण भाग. तो पुढं निघून जातो आणि तुम्ही त्याच्या बगलेला उभे.

लिहून नाही कळणार. रविवारी सकाळी साडेसहाला पोरीला घेऊन पार्क स्टेडियमच्या फाटकापाशी या. त्या दुसऱ्या डावखुऱ्यालाही आणा. ग्लोव्हज नकोत, नुसते बूट.

जॉबर_अक्कलकोटरोड

येतो. शनिवारी रात्रपाळी आहे, तिथूनच सरळ घरी जाऊन तिला घेऊन येतो.